हृदयविकार आणि हातातला वेळ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा महोत्सव साजरा होत असताना एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. हृदयविकारावरील आज परिचित असलेले बहुतेक उपचार याच अर्धशतकाच्या आसपास भारतात रुजले. देशातील पहिली बायपास शस्त्रक्रिया डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या असलेल्या रुग्णाची हृदयरोहिणी फुग्याच्या साहाय्याने प्रथम रुंद केली. त्यापूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला अंथरुणावर पडून राहण्याची सक्ती करावी, वेदना शमवावी आणि वाट पाहावी, याहून फारसे काही डॉक्टरांच्या हाती नसे. अनेक घरांतील ज्येष्ठांना ते दिवस अजून आठवत असतील.

उपचार इतके वाढले, तरी धडधाकट दिसणारी माणसे अकस्मात जातात, हे काही थांबलेले नाही. २२ मे २००३ रोजी डॉ. नीतू मांडके यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले, तेव्हा अवघा महाराष्ट्र हळहळला. असंख्य रुग्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारा हा शल्यविशारद वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्याच विकाराने गेला. अंधेरीत भव्य रुग्णालय उभारण्याचे त्यांचे स्वप्न अर्ध्यावर राहिले. ते रुग्णालय पुढे २००९ मध्ये कोकिलाबेन धीरुभाई अंबानी रुग्णालय म्हणून सुरू झाले. त्यांच्या प्रकृतीविषयी तर्क करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु हा विकार माणसाची विद्वत्ता, कीर्ती वा सत्कर्मे पाहून वाट बदलत नाही, एवढे या घटनेने सर्वांना दाखवून दिले.

हृदय सर्व शरीराला रक्त पुरवते, मात्र स्वतःच्या पोटातून वाहणाऱ्या त्या रक्तावर त्याचे भागत नाही. हृदयाच्या स्नायूला पोसण्यासाठी महारोहिणीच्या मुळाशीच दोन शाखा फुटतात, एक डावी व एक उजवी. डावीचे लगेच दोन फाटे होतात. म्हणून डॉक्टर सामान्यतः तीन नळ्यांविषयी बोलतात. या नळ्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर असते, आणि एवढ्या बारीक वाटेवर अहोरात्र धडधडणाऱ्या स्नायूचा योगक्षेम अवलंबून असतो.

या नळ्यांत 'चरबी साठते' असे सरसकट म्हटले जाते. त्यामुळे स्वयंपाकघरातील मोरीच्या नळात तूप थिजावे, असे काहीसे चित्र मनात उभे राहते. ते चित्र चुकीचे आहे. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एल.डी.एल. नावाचे कण नळीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि भिंतीत अडकून बसतात. त्यांना हटवण्यासाठी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि ते गिळता गिळता स्वतःच तेथे मरून पडतात. मग तेथे दाह होतो, त्यावर तंतूंचे आवरण चढते आणि एक गाठ तयार होते. ही गाठ भिंतीच्या आत असते. ती पंचवीस-तीस वर्षे वाढत राहिली, तरी माणसाला कळत नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय २२ होते, आणि तरीही त्यांतील ७७ टक्के जणांच्या रोहिण्यांत या विकाराच्या खुणा उघड दिसल्या होत्या.

एखाद्या दिवशी त्या गाठीवरचे आवरण फाटते. शरीराला ही जखम वाटते आणि जखमेवर जसे रक्त गोठते, तसे ते येथेही गोठते. नळी काही मिनिटांत बंद होते, हाच झटका. फाटणारी गाठ पुष्कळदा मोठी नसते. जिने निम्मीच वाट अडवली होती, अशी गाठही फाटते. गेल्याच महिन्यात पट्ट्यावर चालवून घेतलेली चाचणी निर्दोष आली होती, मग असे कसे झाले, हा नातेवाइकांचा प्रश्न येथे सुटतो. ती चाचणी वाट किती अरुंद झाली आहे ते सांगते. कोणती गाठ केव्हा फाटेल, ते ती सांगू शकत नाही.

'घरात मांसाहार नाही, मद्य नाही, तंबाखू नाही, मग हा रोग आला कोठून?' असा प्रश्न जैन कुटुंबांतून हमखास विचारला जातो. प्रश्नात तथ्य आहे. निर्व्यसनी आणि शाकाहारी जीवनाने धोका खरोखरच कमी होतो. पण तो नाहीसा होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासाने दाखवले की, पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नऊ गोष्टींशी जोडलेला असतो: धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची उणीव, व्यायामाचा अभाव आणि मद्य. निर्व्यसनी माणूस यांपैकी दोन दारे बंद करतो. उरलेली सात उघडीच राहतात. याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ आढळले, इतर देशांत ते ५८ ते ५९ होते. म्हणजे भारतीयांच्या बाबतीत हा रोग पाच-सहा वर्षे आधी दार ठोठावतो.

कल्याणच्या बाजारातील किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील व्यापाऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बैठक. गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा, मधल्या वेळी गाठिया आणि फरसाण, उधारी वसूल होत नाही याची काळजी. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून त्या दिवशी कडधान्याबरोबर तळलेल्या पदार्थांची भर. डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराची तऱ्हा निराळी, पण परिणाम तोच: पहाटे धावत पकडलेली लोकल, उभ्याने प्रवास, अपुरी झोप. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची परंपरा पचनाला आणि मधुमेहालाही उपकारक आहे. परंतु सायंकाळी सातनंतर व्ही.टी.हून निघणाऱ्याला ती पाळायची तर डबा कचेरीतच उघडावा लागतो. पुष्कळांना ते जमत नाही आणि रात्री दहाला भरपेट जेवण होते. तेलाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तेला-तुपातील कृत्रिम ट्रान्स मेदाचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून कायद्याने दोन टक्क्यांवर आणले गेले आहे. पण एकाच कढईतील तेल पुन्हा पुन्हा तापवून जो अपाय होतो, त्याला कायदा आवर घालू शकत नाही. तो आवर घरातूनच घालावा लागतो.

विकार पुष्कळदा आगाऊ सूचना देतो. या भागातील माणसाला ती सूचना सहसा रेल्वेच्या पुलावर मिळते. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाचा जिना रोज चढणाऱ्याला एके दिवशी अर्ध्या जिन्यात छातीवर दडपण जाणवते, जबडा जड होतो किंवा डावा हात भरून येतो. तो कठड्याला टेकून मोबाइल पाहण्याचे निमित्त करतो. दोन-तीन मिनिटांत बरे वाटते, गाडी मिळते आणि विषय संपतो. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी अशी कळ म्हणजे स्नायूला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण होय. ती बोटाने दाखवता येत नाही. माणूस सगळा तळहात छातीवर ठेवून ती सांगतो. अशा वेळी आठवडाभरात डॉक्टर गाठावा. आणि तीच कळ बसल्या जागी येऊ लागली, पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागली, तर आठवडा थांबू नये, त्याच दिवशी जावे.

आता प्रत्यक्ष झटक्याविषयी. नळी बंद झाल्यावर स्नायू एकदम मरत नाही. तो तासातासाने मरत जातो, आणि पहिल्या दोन-तीन तासांत वाट मोकळी झाली, तर बराचसा वाचतो. नंतर कितीही कुशल डॉक्टर मिळाला, तरी मेलेला स्नायू जिवंत होत नाही. म्हणून या विकारात औषधाइतकेच मोल वेळेला आहे. आणि तो वेळ बहुधा रुग्णालयात न जाता घरातच जातो. 'गॅस झाला असेल' म्हणून प्रथम जिरे-सोडा दिला जातो. मग ओवा, मग पाठ चोळणे. मग ओळखीच्या कोणाला तरी फोन. दीड-दोन तास असेच निघून जातात. छातीतील दडपणाबरोबर दरदरून घाम सुटला, श्वास लागला, उलटीची भावना झाली आणि पंधरा-वीस मिनिटांत उतार पडला नाही, तर तो गॅस नव्हे असेच धरून चालावे. गॅसच निघाला तर एका ई.सी.जी.चा खर्च वाया गेला, इतकेच.

स्त्रियांच्या बाबतीत हा विलंब आणखी वाढतो. मधुमेही माणसाला आणि पुष्कळ स्त्रियांना छातीत ठळक कळ येतच नाही. धाप लागते, पोटाच्या वरच्या भागात दुखते, कमालीचा थकवा येतो. डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीत दुपारी तीन वाजता साठीच्या गृहिणीला असे होते. मुलगा अंधेरीला, सून ठाण्याला, यजमान दुकानात. कोणाला त्रास नको म्हणून ती पडून राहते. 'संध्याकाळी सगळे आले की सांगू' असे ठरवते. संध्याकाळी गाड्या उशिरा धावत असतात. आठ वाजता ती सांगते, तेव्हा पाच तास उलटून गेलेले असतात. या बाईला कोणत्याही औषधापेक्षा शेजारच्या घरची बेल वाजवण्याची मोकळीक अधिक उपयोगी पडली असती. सोसायट्यांतून, मंडळांतून ही मोकळीक बोलून निर्माण करता येते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

अशा प्रसंगी रुग्णाला चालवू नये, जिना उतरू देऊ नये, स्वतः गाडी तर मुळीच चालवू देऊ नये. खुर्चीवर किंवा पलंगावर पाठीला आधार देऊन बसवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला फोन करावा, आणि त्याचवेळी डॉक्टरांनाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसल्यास ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारून चावून खाण्यास द्यावे. नुसते गिळल्यास परिणाम उशिरा होतो. हे साधे औषध किती मोलाचे आहे, ते १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरील अभ्यासातून सिद्ध झाले: केवळ अ‍ॅस्पिरिनने त्या काळातील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याच्या कपाटातून काढून देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, आणि आधीच गळून गेलेला रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो.

घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शिळ रस्ता सायंकाळी किती वेळ खाऊन टाकतो, हे येथे कोणाला सांगायला नको. म्हणून सर्वांत प्रख्यात रुग्णालयाचा हट्ट धरू नये. घराजवळ चोवीस तास कॅथ लॅब चालू असलेले रुग्णालय कोणते, हे निवांत असताना विचारून, लिहून ठेवावे. तेथे पोचण्यास दोन तासांहून अधिक लागतील असे वाटले, तर जवळच्या अतिदक्षता विभागात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी घ्यावे आणि मग पुढे न्यावे. ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांसाठी रुग्णाला थेट दक्षिण मुंबईत नेण्याची चूक आजही होते.

अँजिओप्लास्टी, बायपास आणि औषधे यांविषयी सुशिक्षितांतही मोठा गोंधळ आहे. झटक्याच्या ऐन वेळी केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याविषयी दुमत नाही. परंतु प्रकृती स्थिर असताना, तपासणीत 'ऐंशी टक्के ब्लॉक' आढळला म्हणून घाबरून त्याच टेबलावर संमतीपत्रावर सही करण्याची गरज बहुधा नसते. २००७ मधील करेज आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, ५,१७९ रुग्णांचा इस्केमिया या अभ्यासांनी हेच दाखवले: स्थिर रुग्णांत उत्तम औषधोपचाराला स्टेंटची वा शस्त्रक्रियेची जोड आरंभीच दिल्याने मृत्यू घटल्याचे आढळले नाही, छातीतील कळ मात्र नक्की कमी झाली. डाव्या मुख्य रोहिणीचा अडथळा, अशक्त झालेले हृदय, किंवा मधुमेह्याच्या तिन्ही नळ्या बिघडलेल्या असणे, या गोष्टी वेगळ्या. तेथे बायपासचा विचार गांभीर्याने करावा लागतो. दुसरे मत घेणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. खर्चाचे म्हणावे तर, औषधयुक्त स्टेंटसाठी रुग्णाला पूर्वी लाखाच्या पुढे मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या दोन्ही उपचारांचा समावेश आहे आणि २०२४ पासून तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली आहे. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का, हे दाखल होतानाच विचारावे.

उपचारानंतर रोग गेला, असे समजणे ही सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. स्टेंटने किंवा बायपासने एक-दोन ठिकाणचा अडथळा दूर होतो. भिंतींतील विकार तसाच राहतो. त्यासाठी स्टॅटिन गटातील औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. झटका येऊन गेलेल्यांचे एल.डी.एल. ७० च्या खाली, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते ५५ च्याही खाली असावे. रक्ततपासणी उत्तम आली म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ आढळतात. ती तपासणी गोळीमुळेच उत्तम आलेली असते.

याच संदर्भात उपवासाचा विषय येतो, आणि तो टाळून चालणार नाही. स्टेंट बसवल्यानंतर साधारणपणे सहा महिने ते वर्षभर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे एकत्र द्यावी लागतात. नवा स्टेंट हा शरीराला परकाच असतो, आणि ही औषधे मध्येच थांबली, तर त्यात अचानक गुठळी होण्याची भीती असते. पर्युषणात अठ्ठाईचा संकल्प केला, आठ दिवस उकळलेल्या पाण्याखेरीज काही घेतले नाही आणि त्याबरोबर गोळ्याही सुटल्या, असे घडू शकते. मधुमेह्याने इन्सुलिन वा नेहमीच्या गोळ्या तशाच घेऊन उपवास केला, तर साखर एकाएकी उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या औषधांवर असताना निराहार राहिल्यास रक्तात घातक आम्ल साठण्याचा धोका असतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना पाणी कमी पडणेही वाईट. तपश्चर्या करूच नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु चातुर्मास सुरू होण्याआधी, औषधांची यादी घेऊन प्रथम डॉक्टरांकडे आणि मग गुरुमहाराजांकडे जावे. पच्चक्खाणात आगारांची योजना पूर्वाचार्यांनी केलेलीच आहे, आणि रुग्णाची खरी स्थिती कळली तर गुरुमहाराज स्वतःच मार्ग दाखवतात. पुष्कळदा अडचण एवढीच असते की, त्यांना ती सांगितलेलीच नसते. बहुतेक औषधे सूर्यास्तापूर्वीच्या वेळांत बसवून देता येतात, म्हणून चौविहारही सांभाळता येतो.

आणखी एक अडचण लोक संकोचाने बोलत नाहीत. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन यांची एकत्रित औषधे पुष्कळदा कॅप्सूलच्या रूपात येतात आणि कॅप्सूलचे आवरण सामान्यतः जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. हे कळल्यावर काहीजण कोणाला न सांगता औषध सोडतात. वास्तविक तीच औषधे साध्या सुट्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. डॉक्टरांना एक वाक्य सांगितले की चिठ्ठी बदलते.

शत्रुंजयाच्या यात्रेविषयी विचारणा नेहमी होते. पालिताण्याच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, आणि मांगी-तुंगीची चढणही काही कमी नाही. झटका येऊन गेलेल्याने किंवा बायपास झालेल्याने त्या कधीच चढू नयेत, असे नाही. तलावपाळीला सकाळी अर्धा तास सपाट चालण्यापासून सुरुवात करावी, हळूहळू वेग वाढवावा, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यायाम-चाचणी करून घ्यावी आणि त्यांचे मत पडले तरच निघावे. उन्हाच्या आधी चढावे, प्रत्येक विश्रांतिस्थळी बसावे, निर्जळ राहून चढू नये. खिशात औषधांची यादी, शेवटचा ई.सी.जी. आणि स्टेंट बसवल्याचे कार्ड असावे, आणि त्यावर कोणाला कळवायचे त्याचा दूरध्वनी ठळक लिहिलेला असावा. अर्ध्या वाटेत छाती भरून आली, तर तेथूनच परतावे. डोलीवाले प्रत्येक टप्प्यावर भेटतात.